एचपी, किलोवॉट आणि युनिट: कृषिपंपाच्या हिशोबाची पार्श्वभूमी

अश्वशक्ती (एचपी) आली वाफेच्या इंजिनांच्या काळात, अठराव्या शतकात. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे १ एचपी, वॉटमध्ये ७४६. युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटची, थोडी लहान. १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे शेर-मण गेले, एचपी मात्र टिकली. आधी ऑइल इंजिनावर, मग नदीकाठच्या मोटारींवर.

गुंता झाला तो १९७० च्या दशकात. गावोगाव रीडिंग घेणे परवडत नाही म्हणून महाराष्ट्रात कृषिपंपांना एचपीवर ठोक आकारणी सुरू झाली. एचपी ही मोटारीची ताकद; युनिट म्हणजे वापरलेली वीज, एक किलोवॉट तासभर. एकातून दुसरे काढायला चालू तास लागतात, आणि नेमके तेच कोणी मोजत नव्हते.

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, म्हणून तासाला ३.७ युनिट, असा सरळ गुणाकार केला जातो. पण मोटारीच्या पाटीवरची ताकद शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, मिळणारी असते. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मोटार तारेतून तासाला ४.६ युनिट ओढते. शिवाय ती चार तास चालली की आठ? पंचगंगेला पूर आला की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर-शिरोळकडे मोटारी वर काढून ठेवतात, ते दिवस कुठे धरायचे? तास जास्त धरले की शेतीचा वापर फुगतो आणि तेवढीच विजेची गळती नि चोरी कागदावर कमी दिसते. २००० च्या सुमारास वीजदराच्या सुनावण्यांत हेच उघडे पडले: शेतीच्या वापराचे अंदाज खाली आले, गळती वर गेली. तोवर फुकट्या म्हणून बोल मात्र शेतकऱ्यानेच खाल्ले.

२००३ च्या वीज कायद्याने दोन वर्षांत मीटरशिवाय पुरवठा बंद व्हायला हवा होता. तसे झाले नाही. उलट ३ एचपीच्या जोडणीला ५, ५ ला ७.५ असा जोडभार (जोडणीवर नोंदलेली एचपी) चढवल्याच्या तक्रारी वाढल्या. मीटर नसलेल्याजवळ पुरावा एकच, मोटारीची पाटी; रिवाइंडिंग करून आलेल्या जुन्या मोटारीला बऱ्याचदा तीही नसते.

एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. मर्यादा पुन्हा एचपीतच. त्यामुळे पाटी नीट वाचावी: ७.५ एचपीच्या मोटारीवर ५.५ किलोवॉट लिहिलेले असते, आणि ७.५ किलोवॉट लिहिलेली मोटार १० एचपीची, म्हणजे योजनेबाहेरची. मोफत विजेचे पैसे आता शासन भरते. विनामीटर पंपांनी किती युनिट ओढले, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बिलातून निघून अनुदानाच्या हिशोबात जाऊन बसला आहे.