रक्तदाब वर-खाली होतो, तेव्हा मेंदूचे रक्त कोण सांभाळते?

जळगावच्या आमच्या दुकानातून रक्तदाब मोजण्याचे यंत्र नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

यंत्र घरी गेल्यावर आठवडाभरात बहुतेक ग्राहक एकच गोष्ट विचारायला येतात: सकाळी 150 आले, दुपारी 128, रात्री पुन्हा 142, तर यंत्र बिघडले आहे का? बहुधा यंत्र ठीक असते. रक्तदाब झोपेत उतरतो, जिना चढताना, रागाच्या भरात किंवा लघवी तुंबलेली असताना चढतो, आणि हे निरोगी माणसातही रोज घडते. दाब इतका हलत असूनही मेंदूला मिळणारे रक्त जवळजवळ तेवढेच कसे राहते, आणि ही व्यवस्था कुठे अपुरी पडते, हे समजून घेतल्यास यंत्रावरचा आकडा वाचणे सोपे जाते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते, पण शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. त्यासाठी त्याला मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त लागते. स्नायूंप्रमाणे त्याच्याजवळ काही काळ पुरेल असा साठा नसतो. पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते.

ही व्यवस्था समजून घ्यायला केळीच्या बागेतल्या ठिबकाचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. चढ-उताराच्या रानात साधे ड्रीपर लावले, तर उताराकडच्या खोडाला पाणी जास्त पडते आणि चढावरच्या खोडाला कमी. म्हणून तिथे दाब नियंत्रित ड्रीपर बसवतात. त्यातली रबरी पडदी दाब वाढला की पाण्याची वाट अरुंद करते आणि दाब घटला की मोकळी सोडते, त्यामुळे ताशी 4 लिटरचा ड्रीपर दोन्हीकडे 4 लिटरच देतो, अर्थात दाब ठराविक मर्यादेत असेपर्यंत. मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतींत असलेले स्नायू हेच काम करतात. आतून दाब वाढून भिंत ताणली गेली की ते आवळतात, दाब कमी झाला की सैलावतात. धमनीचा हा गुण विल्यम बेलिस यांनी 1902 मध्येच नोंदवला होता. ड्रीपरची पडदी मात्र फक्त दाब ओळखते, तर धमनी जिवंत असल्यामुळे मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड किती आहे, हेही पाहते. घाबरून भरभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड घटतो, धमन्या आवळतात आणि दाब चांगला असूनही डोके हलके वाटते.

या मर्यादेचा आलेख डॅनिश शास्त्रज्ञ नील्स लासेन यांनी 1959 मध्ये मांडला. सरासरी दाब साधारण 60 ते 150 मिलिमीटर (पारा) या पट्ट्यात असेल, तर मेंदूचा रक्तप्रवाह जवळपास स्थिर राहतो, असे तो सांगतो. अलीकडच्या मोजमापांत ही रेषा पाठ्यपुस्तकात दाखवतात तितकी सपाट आढळत नाही, पट्टाही अरुंद दिसतो. तरी मूळ तत्त्व कायम आहे. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्ही आकड्यांतील फरकाचा एक-तृतीयांश. 120/80 असेल तर सुमारे 93.

पुढची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांचा दाब अनेक वर्षे चढलेला असतो, त्यांच्या धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि हा सगळा पट्टाच वर सरकतो. एका उन्हाळ्यात एक शेतकरी काका यंत्र परत करायला आले होते. त्यांचा दाब कित्येक वर्षे 190/100 च्या घरात होता, आणि लवकर उतरावा म्हणून त्यांनी आपल्या मनानेच गोळ्या दुप्पट केल्या होत्या. यंत्र 118/70 दाखवत होते आणि काका सांगत होते, "उठनं का डोयासमोर अंधारी येस." आम्ही दुसऱ्या यंत्रावर मोजले, तेव्हाही आकडा तोच आला. यंत्र बरोबर होते. इतरांना उत्तम असलेला हा दाब त्यांच्या मेंदूला एकाएकी अपुरा पडत होता. म्हणूनच डॉक्टर जुना रक्तदाब आठवड्या-आठवड्यांनी उतरवतात, आणि नियमित उपचारांनी सरकलेला पट्टाही बऱ्याच जणांत हळूहळू खाली येतो. गोळी वाढवणे, तोडणे किंवा बंद करणे हा निर्णय आकडा पाहून घरी घेऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

खान्देशातल्या मे महिन्यात हे अधिक जपावे लागते, कारण घामाने शरीरातले पाणी कमी झाले की उभे राहताना दाब जास्त घसरतो. वयस्क व्यक्तींचा दाब आधी पाच मिनिटे निवांत बसवून किंवा आडवे करून मोजावा, मग उभे राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून थोडे थांबावे. धमन्यांना जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात.

तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी पक्षाघाताचे कोणतेही लक्षण एकाएकी दिसले आणि यंत्रावर मोठा आकडा दिसला, तरी दाब उतरवण्यासाठी घरी जास्तीची गोळी देऊ नये, जिभेखालीही काही ठेवू नये. मेंदूच्या दुखावलेल्या भागात ही स्वयंव्यवस्था कोलमडलेली असते, तिथला प्रवाह थेट दाबावरच अवलंबून असतो, आणि दाब झटकन पाडल्यास उरलेले रक्तही तुटते. रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून न्यावी, कारण मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि चोपडा किंवा रावेरकडच्या खेड्यातून जळगाव गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.