केळीचा दांडा आणि जिप्सीचा बंपर

कापसाचा हंगाम सरला की जिनिंगच्या वजनकाट्यावर दुपारी सामसूम असते. काटेवाला ओळखीचा असेल तर चार वेळा गाडी मागेपुढे घेऊ देतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही मित्राची मारुती जिप्सी तिथे नेली. आधी अख्खी गाडी काट्यावर चढवली, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आत माणूस नाही, टाकी अर्धी. आकडे आले ते असे: एकूण १२६० किलो, पुढे ६९०, मागे ५७०.

कॅनव्हास टपाच्या जिप्सीचं कंपनीने दिलेलं वजन आहे ९८५ किलो. म्हणजे गेल्या सहा वर्षांत, दर दिवाळीला काहीतरी नवं लावत लावत, मित्राने गाडीत पावणेतीनशे किलो लोखंड चढवलं होतं. चार धडधाकट माणसं कायमची गाडीत बसवून ठेवल्यासारखं. त्यातला एकेक तुकडा 'गाडी मजबूत करायची' म्हणूनच लावलेला. आणि त्याची तक्रार काय, तर सातपुड्यातल्या धडगावच्या अलीकडे चढावर गाडी दमते आणि शिवारात काळ्या रानात रुतते.

डोंगरात आणि चिखलात चालणाऱ्या गाड्यांचा इतिहासच हलकेपणाचा आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप साधारण ११०० किलोची होती. रुतली की चार-सहा सैनिक ढकलून काढायचे. १९८५ मध्ये आलेली जिप्सी तर त्याहून हलकी. सैन्यात ती इतकी वर्षं टिकली त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आजची पाच दारांची जिम्नी १२०० किलोच्या आसपास आणि नवी थार १७०० च्या पुढे. जड गाडी वाईट असं मी म्हणणार नाही, तिच्या इंजिनाला तेवढी ताकद असते. पण जी गाडी हलकी म्हणून चांगली होती, तिला आपण जड केली तर तिच्यात उरतं काय?

चढाचं गणित सोपं आहे. वीस अंशांच्या चढावर दर १०० किलोमागे ३४ किलोचा ओढा मागे खेचत असतो. पावणेतीनशे किलो जास्तीचे असतील तर तो जवळपास ९४ किलो होतो. इंजिनाचा जोर मात्र होता तेवढाच आहे. लोकांना वाटतं की वजन वाढलं म्हणजे पेट्रोल फार जातं. चढापुरतं बोलायचं तर ते तितकंसं खरं नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर आहे. खालच्या सपाटीवरून जवळपास हजार मीटरचा चढ. १०० किलो वजन हजार मीटर उचलायला इंजिनाला अर्धा पाव पेट्रोल जास्त लागतं, एवढंच. खरी अडचण उतरताना आहे. १२०० किलोची गाडी हजार मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा सोडते, तिच्यात ४० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. काही इंजिन खातं, काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये जाते. दर १०० किलोमागे त्यात सव्वातीन लिटर उकळत्या पाण्याची भर. मे महिन्यात, बाहेरची हवाच ४४ अंशांवर असताना, घाट उतरून थांबल्यावर ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येतो तो यामुळे.

पण नुसत्या किलोंनी हिशेब पुरा होत नाही. कोणता किलो कुठे बसलाय, ते पाहावं लागतं, आणि हे आपल्या माणसाला शिकवायची गरज नाही. बैलगाडी भरणारा म्हातारा पोती ठेवताना दोनदा मागे जाऊन बघतो. माल पुढे झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलंडून जू वर उचललं जातं. आमचे फॅब्रिकेशनवाले नाना मित्राच्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "गाडी उलाळ व्हयनी ते बैल काय करतीन?" आमची गाडी खरं तर उलट होती, सगळा भार जूवर. पण मुद्दा नानांनी अचूक पकडला होता.

जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर. समजा ४० किलोची विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढायचं यंत्र, पुढच्या ॲक्सलच्या (दोन चाकांमधल्या आसाच्या) ७०० मिलिमीटर पुढे, बंपरच्या टोकाला टांगली. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर ४० नव्हे, जवळपास ५२ किलो वाढतात, आणि मागच्या ॲक्सलवरचे १२ किलो कमी होतात. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, मागची चाकं हलकी होऊन ओल्या चढावर फिरत राहतात. मग माणूस पुढे एक पाटा वाढवतो. पाटा वाढवला की रिकामी गाडी आपटते, म्हणून शॉकॲब्झॉर्बर बदलतो. एका वजनाने दुसरं वजन येतं, ते असं.

टपावरचा किलो याहूनही वाईट. गाडी किती कलली की उलटते हे दोन गोष्टींवर ठरतं: चाकांमधली रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर धरला तर कागदावर ४५ अंशांना गाडी तोल सोडते. टपावर १९०० मिलिमीटर उंचीवर ६० किलोचं कॅरिअर आणि सामान ठेवा, हा कोन ४२ वर येतो. त्यात पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी ५० मिलिमीटर उचला, ४० वर येतो. चालत्या गाडीत पाटे दबतात, टायर दबतात, खड्डा लागतो, म्हणून खरी मर्यादा कागदापेक्षा कितीतरी आधी येते. सातपुड्यात आडव्या उतारावरून जाताना हे पाच अंश माणसाचा जीव वाचवतात, म्हणून मला टपावरची स्टेपनी बघवत नाही.

आणि तिसरी जागा, चाकं. फिरत्या चाकाच्या कडेचा एक किलो दोन कामं करतो: गाडीबरोबर पुढे जातो आणि स्वतःभोवती फिरतोही. त्याला वेग द्यायला जवळपास दोन किलोंइतकी ऊर्जा लागते, थांबवायलाही तेवढीच. शिवाय चाक, डिस्क (टायर जिच्यावर बसतो ती लोखंडी थाळी), ॲक्सल हे सगळं पाट्यांच्या खाली असतं. दगडावर आपटलं की त्याला झेलायला मधे पाटा नसतो. मोठ्या टायरची हौस सगळ्यांनाच असते. २७ इंची टायर काढून ३१ इंची लावला तर गाडी चार इंच उचलली जाईल असं वाटतं, उचलली जाते दोनच इंच, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यात असतो. त्या दोन इंचांसाठी चाकाचा जमिनीवरचा जोर १३ टक्के घटतो, कारण त्याच गिअरला आता मोठं चाक फिरवायचं असतं.

आता कामाची गोष्ट. वजन न वाढवता गाडी मजबूत कशी करायची? याचं उत्तर शोधायला मी केळीच्या बागेत जा म्हणेन. रावेर-यावलकडे ती पावलोपावली आहे. वाळलेलं नको, हिरवं पान घ्या आणि त्याचा दांडा कोयत्याने आडवा कापा. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. बाहेर कठीण सालीचा पन्हळीसारखा आकार, वरून उघडा. आत पातळ पडद्यांनी पाडलेले हवेचे कप्पे, एकाला एक लागून. दांड्याचा बहुतेक भाग हवाच आहे, आणि तरी तो माणसापेक्षा लांब पान आडवं धरून ठेवतो. जे काही बळकट द्रव्य आहे ते झाडाने बाहेरच्या कडेला नेऊन ठेवलंय, कारण वाकवताना ताण तिथेच सर्वांत जास्त पडतो. मध्यावर ताण जवळजवळ नसतो, तिथे माल घालून उपयोग नाही.

लोखंडी पाइपाला हाच नियम लागू होतो. ३८ मिलिमीटर व्यासाचा ४ मिलिमीटर जाड पाइप घ्या आणि शेजारी ५० मिलिमीटर व्यासाचा २ मिलिमीटर जाड. दुसरा पहिल्यापेक्षा जवळपास तीस टक्के हलका, आणि वाकवायला मात्र चाळीस टक्के कठीण. मी हे नानांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी दोन्हींचे दोन-दोन मीटरचे तुकडे काढले, एक टोक वाइसमध्ये पकडलं आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची भरलेली कॅन लटकवून टेपने झोल मोजला. जाड पाइप जास्त वाकला. नाना बराच वेळ टेप हातात धरून उभे होते. अर्थात याला मर्यादा आहे. भिंत दोन मिलिमीटरच्या खाली गेली की बेसॉल्टच्या दगडावर पाइप चेपतो, आणि चेपलेल्या पाइपाचा सगळा ताठपणा गेला.

पत्र्याचंही तसंच. मित्राच्या गाडीच्या मागच्या हौद्यात ५ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट टाकलेली होती. लोखंडाच्या ५ मिलिमीटर पत्र्याचं वजन चौरस मीटरला ३९ किलो. हौद्याच्या सव्वा चौरस मीटरला जवळपास पन्नास. आता घरातली धान्याची पत्र्याची कोठी आठवा. पत्रा पातळ, पण त्यावर गोल पन्हळी दाबलेल्या असतात, म्हणून तीन-चार क्विंटल ज्वारी पोटात घेऊनही ती फुगत नाही. पत्र्याला घडी दिली की तो उभ्या कडेने भार घेतो. आम्ही सव्वा मिलिमीटरचा पत्रा घेऊन त्यावर पन्हळी दाबून घेतल्या. वजन बारा किलोच्या आसपास.

ॲल्युमिनियमचं विचाराल तर, ते लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणातही एक तृतीयांशच. सपाट पत्रा तितकाच ताठ हवा असेल तर जाडी दीडपट करावी लागते, तरी वजन निम्म्यावर येतं. खोके, फळ्या, हौद्यातली तळपाटी यांना ते उत्तम. वेल्डिंग केलेल्या भार झेलणाऱ्या भागांना मात्र मी लावू देणार नाही. वेल्डच्या शेजारी ते मऊ पडतं आणि सतत हादऱ्यांनी थकतं. इंजिनाखालची संरक्षक प्लेटही लोखंडीच बरी. दगडावरून ती सरकते, ॲल्युमिनियम खरवडलं जातं.

केळीच्या दांड्याची अजून एक गंमत आहे. तो वाकत नाही, पण पिळला जातो. वारा आला की पान वळतं आणि वाऱ्याला वाट देतं. वरून उघड्या पन्हळीचा हा गुण ट्रकच्या चॅनेलच्या चेसीतही (गाडीच्या खालच्या सांगाड्यातही) असतो: भाराखाली ताठ, खाचखळग्यात थोडी पिळणारी. काही जण मजबुतीसाठी अशा चेसीची उघडी बाजू पट्टी मारून बंद करतात. मग पीळ जिथे पट्टी संपते तिथे जाऊन साचतो आणि भेग तिथेच पडते. चेसीला हात लावू नका. ब्रेकला, गाडी उलटली तर माणसांना वाचवणाऱ्या रोल बारला आणि ओढायच्या हुकांनाही. तिथलं वजन हे वजन समजायचंच नाही.

विंचवरची लोखंडी तार काढून आम्ही कृत्रिम धाग्याचा दोर घातला. हा पॉलिथिलीनचाच एक प्रकार, पण त्यातल्या रेणूंच्या साखळ्या फार लांब आणि एका दिशेने ओढून बसवलेल्या. दोर पाण्यावर तरंगतो, इतका हलका. तुटलेली तार चाबकासारखी येते आणि माणूस कापते. या दोराचा फटका त्यामानाने पुष्कळ कमी, तरी दोर ताणलेला असताना जवळ उभं राहायचं नाही ते नाहीच. याचं वैर उन्हाशी आणि उष्णतेशी. दीडशे अंशांच्या आतच हा धागा वितळतो, म्हणून आपल्या उन्हात त्यावर कापडी खोळ हवी.

आणि बुलबार, म्हणजे बंपरच्या पुढे लावलेली लोखंडी पाइपांची चौकट. तो काढून कंपनीचा पत्र्याचा मूळ बंपर परत लावला, विंच मागे सरकवून चेसीच्या टोकांवर घेतली. एका कामात पंचेचाळीस किलो कमी झाले. बुलबारवर परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्येच बंदी आणली आहे, कारण तो टकरीचा धक्का थेट चेसीला देतो आणि पायी चालणाऱ्याला मारतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. पाइप कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

सर्वांत स्वस्त बदलाचं वजन तर शून्य आहे. एका चाकावर ३०० किलो आणि टायरमध्ये २८ पौंड हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण १५० चौरस सेंटिमीटर असतो, पसरलेल्या पंजाएवढा. हवा १४ वर आणली की कागदावर तो दुप्पट होतो. टायरची भिंतही थोडा भार घेते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण फरक ढळढळीत दिसतो. गाडी हलकी असेल तरच एवढी हवा सोडता येते. जड गाडीत डिस्क टायरला चिमटते. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप पुरे.

जून लागताना गाडी पुन्हा काट्यावर नेली. टपावरचं कॅरिअर उतरवलेलं, मागचं जाडजूड बंपर गेलेलं, टायर मूळ मापाचे. एकूण १०९०. पुढे ६००, मागे ४९०.

तिसऱ्यांदा काट्यावर गेलो ते जुलैत, सहज, शेतातून येता येता. आकडा ११३० दाखवत होता. गाडीत काहीच वाढवलेलं नव्हतं. काटेवाल्याने खाली वाकून चाकांकडे बोट दाखवलं. काळ्या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना धरून बसतात. टायरच्या खाचा, डिस्कची आतली बाजू, पाटे, सगळं गाऱ्याने भरलं होतं. चाळीस किलो, आणि तेही बरंचसं चाकांत, जिथे एकाचे दोन होतात. त्याच्याकडून खुरपं मागून घेतलं आणि तिथेच चारी चाकं कोरत बसलो.