'हँग्ड मॅन' म्हणजे फाशी नव्हे

परवा तलावपाळीवर शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या भेटल्या. लेकीने नोकरी बदलू का म्हणून टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रपत्त्यांतला, एक पत्ता काढला, तर 'हँग्ड मॅन' निघाला. "अगं, फासावर लटकलेला माणूस! काहीतरी वाईटच होणार." हा समज फार वर्षं फिरतोय आणि तो माझ्या सगळ्यात आवडत्या पत्त्याबद्दल आहे, म्हणून लिहितेय.

चित्र नीट बघा. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या १९०९च्या रायडर-वेट या टॅरो संचात दोर गळ्याला नाहीच, एका पायाला आहे. दुसरा पाय सहज दुमडलेला, चेहरा शांत, डोक्यामागे सोनेरी वलय. आणि ज्या लाकडाला तो टांगलाय त्याला पानं फुटलीत! फासाच्या खांबाला कधी पालवी येते का?

भीतीला मूळ आहे, हे खरं. १५व्या शतकातल्या इटलीत, जिथे हे पत्ते खेळासाठी बनले, गद्दारांची बदनामी करायला त्यांची अशीच उलटी टांगलेली चित्रं रंगवत. पत्त्याचं जुनं नावही 'गद्दार'च. पण रायडर-वेट संच तयार करवून घेणाऱ्या आर्थर वेट यांनी अर्थ दिला तो शहाणपण, त्याग, अंतःप्रेरणा.

काकूंना म्हटलं, "लेकीला सांगा, घाई नको. जरा थांबून उलट्या बाजूनेही बघ."