मातृवंदनेचा अर्ज नेमका कुठे अडतो, आणि कागदाशिवाय काय काय मिळतं

आमच्या आरोग्य केंद्रात मी गरोदर बायकांचे अर्ज भरून द्यायला बसते. गेल्या पावसाळ्यात सहावा महिना लागलेली एक मुलगी सासूबाईंबरोबर आली. प्लास्टिकच्या पिशवीत सगळं नीट घडी घालून आणलेलं: आधारची झेरॉक्स, माता-बाल कार्ड, पासबुक, नवऱ्याचं आधार, सासऱ्यांचं रेशनकार्ड, अगदी लग्नाचा दाखलासुद्धा. तरी अर्ज दोनदा परत आला होता. कारण कुणी धड सांगितलं नव्हतं, नुसतं ‘कागद अपूर्ण’. मी रेशनकार्ड उघडलं. आत सात नावं होती, तिचं नव्हतं.

असे अर्ज दर महिन्याला येतात, म्हणून हे लिहिते आहे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाली की ३००० रुपये. बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० रुपये एकदम. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत होतो, पोर्टलवर स्वतःही भरता येतो. सोबत गरोदर बाईचं आधार, माता-बाल कार्ड, बँक खातं आणि पात्रतेचा एक पुरावा. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. ते नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर तसं स्पष्ट सांगा. एकट्या बाईलाही हा हक्क आहे.

पहिली अडचण या ‘पात्रतेच्या पुराव्या’ची. बायका थेट तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पळतात. सातव्या महिन्यात सेतूच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका पाहिल्या की जीव तुटतो, कारण बहुतेकींना त्याची गरजच नसते. आठ लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न हा अनेक निकषांपैकी फक्त एक. अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, दारिद्र्यरेषेचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, स्वतःच्या नावावर पीएम किसान, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यांतलं कुठलंही एक पुरतं. केशरी कार्डवाल्यांनी मात्र ते अन्नसुरक्षेत, म्हणजे प्राधान्य कुटुंबात, आहे का हे आधी रेशन दुकानात विचारावं. प्रत्येक केशरी कार्ड त्यात बसत नाही.

आणि कार्डात तिचं नाव हवं. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होऊन सासरच्या कार्डात चढेपर्यंत बाळ रांगायला लागतं. त्यावर मला सापडलेला सरळ मार्ग म्हणजे ई-श्रम. शेतमजुरी, घरकाम, शिवणकाम, भाजीविक्री असं असंघटित काम करणाऱ्या बाईचं ते कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर निघतं, त्याला सासऱ्यांचं काही लागत नाही. त्या मुलीला, ती कांदा लागवडीला जात असल्याने, तेच काढून दिलं. तिसऱ्या वेळी अर्ज मंजूर झाला.

दुसरी अडचण खात्याची, आणि यात बँकाही बायकांना नीट समजावत नाहीत. ‘खातं आधारला लिंक आहे’ असं काउंटरवर सांगतात, पण तेवढं पुरत नाही. सरकारी पैसे आधार क्रमांकावरून जातात, आणि एका आधारला त्यासाठी एकच बँक जोडलेली असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. अर्जात पासबुक एका बँकेचं जोडलं तरी पैसे दुसरीकडेच पडतात. एकीचे ३००० रुपये तिच्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात सहा महिने पडून होते, माहेरच्या गावच्या बँकेत, आणि ती इकडे ‘पैसे आले नाहीत’ म्हणून आशाताईंशी भांडत होती. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की नेमकी बँक कळते. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात, तेच हे खातं. नवऱ्याचं खातं चालत नाही. आणि पैसे अडकलेत, ओटीपी सांगा, असा फोन आला तर बंद करा. योजनेचे पैसे सोडवायला ओटीपी कुणीच मागत नाही.

तिसरी गोष्ट मुदत. अजूनही गावागावांत ‘दोन वर्षं आहेत, बाळंत झाल्यावर भरू’ असं सांगितलं जातं. ती जुनी मुदत होती, ७३० दिवसांची. आता पहिल्या बाळासाठी ५७० दिवस आहेत आणि ते बाळाच्या जन्मापासून नाही, शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे बाळंतपणानंतर जेमतेम साडेनऊ महिने. दुसरं बाळ मुलगी असेल तर तिच्या जन्मापासून २७० दिवस. पण त्या दुसऱ्या खेपेचीही गरोदरपणातच नोंद झालेली असावी लागते. मुलगी झाल्यावर पहिल्यांदाच उपकेंद्रात आलेल्या बाईला ६००० रुपये मिळवून देणं फार अवघड जातं.

म्हणून दिवस राहिल्याचं कळलं की आधी नोंद. तपासणी खासगी डॉक्टरकडे चालू असली तरी उपकेंद्रात नाव घाला आणि माता-बाल कार्ड घ्या. पाळीची तारीख अंदाजाने सांगू नका, कारण पुढचे सगळे दिवस तिच्यावरूनच मोजले जातात. माहेरी बाळंतपणाला जाताना तेच कार्ड न्या. तिथे नवी नोंद केली की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि दुसरा हप्ता अडतो. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करा. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि ३० दिवसांनंतर वरच्या कार्यालयाची परवानगी.

वयाची अट १८ वर्षं ७ महिने पूर्ण ही आहे. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना ही योजना नाही. गर्भपात झाला किंवा बाळ पोटातच गेलं, तर पुढच्या खेपेला ती बाई नवी लाभार्थी धरली जाते. हे तिला कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता ज्याला यांतला एकही कागद लागत नाही त्याबद्दल. मातृवंदनेचा अर्ज फेटाळला म्हणून पुढे दवाखान्यातच न आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, पूर्ण मोफत आहे. उत्पन्नाची अट नाही, कितवं मूल हेही बघत नाहीत. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मल झाल्यास तीन दिवस आणि सिझेरियन झाल्यास सात दिवस जेवण, १०२ ची गाडी घरून न्यायला आणि बाळाला घेऊन परत सोडायला. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याच्या आजारपणाचे सरकारी उपचारही यात येतात. तरी काही ठिकाणी बाहेरून हातमोजे, इंजेक्शनं आणायला चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी जपून ठेवा आणि थेट वैद्यकीय अधीक्षकांकडे जा. हा खर्च सरकारने आधीच उचललेला आहे.

अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे वेगळे पैसेही मिळतात, ग्रामीण भागात ७०० रुपये, शहरात ६००. मातृवंदना मिळाली म्हणून हे बंद होत नाहीत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून रक्तवाढीच्या १८० गोळ्या, रोज एक. बाळंतपणानंतर आणखी १८०. कॅल्शियमच्या रोज दोन. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. रक्तवाढीची गोळी चहाबरोबर तर नकोच. शौचाला काळी होते म्हणून बायका घाबरून गोळी सोडतात. ते लोहामुळे होतं, त्यात काही वाईट नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण डब्यात साठवू नका.

अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला मिळतो. त्यासाठी आता चेहऱ्याची ओळख पटवावी लागते, त्यामुळे पाकीट आणायला सासूबाईंना पाठवून भागत नाही. मोबाइल नंबर बदलला असेल तर सेविकेला आधीच सांगा. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून रोज एक वेळचं गरम जेवणही मिळतं, भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी आणि अंडं किंवा केळं. ते तिथेच बसून खायचं असतं. डबा भरून घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या ताटात काही उरत नाही.