निळ्यात पिवळा कालवला की निळा जातो कुठे?

माझी भाची सहा वर्षांची आहे, परवा रंगवता रंगवता निळ्यात पिवळा कालवला, हिरवा झाला, आणि तिने विचारलं, "मग निळा गेला कुठे?" घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, अगं दोन रंग मिळून तिसरा तयार होतो. मला हे उत्तर पटत नाही, कारण हिरवा तयार होतच नाही, तो फक्त उरतो!

पांढऱ्या उजेडात तानापिहिनिपाजा सगळे रंग असतात, हे शाळेत शिकलोय. पिवळा रंग त्यातला निळा-जांभळा गिळून टाकतो आणि हिरवा, पिवळा, तांबडा परत पाठवतो. निळा रंग तांबडा-नारिंगी-पिवळा गिळतो, निळा परत पाठवतो आणि सोबत थोडा हिरवाही. आता दोन्ही एकत्र केले की एकाने सोडलेलं दुसरा गिळतो, दोघांच्याही तावडीतून सुटतो तो एकटा हिरवा, तोच आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे ही बेरीज नाही, वजाबाकी आहे. म्हणूनच पेटीतले सगळे रंग एकत्र केले की मळकट चॉकलेटी होतं, परत यायला उजेडच फारसा शिल्लक राहत नाही.

यातली खरी गंमत त्या "थोड्या हिरव्यात" आहे. अल्ट्रामरीन निळा हिरवा उजेड फार कमी सोडतो, त्यामुळे त्यात नारिंगीकडे झुकणारा गडद पिवळा घातला की हिरवा मरगळलेला येतो, तेच प्रशियन ब्लू आणि लेमन यलो घ्या, हिरवा कसा ताजा निघतो बघा. जांभळ्याचंही तसंच, लाल घेतला तर बऱ्याचदा काळपट होतो, राणी कलर घेतला तर खुलतो. छपाईवाले आकाशी, राणी, पिवळा आणि काळा वापरतात ते याच कारणाने.

उजेडाचं मात्र उलट, तिथे खरोखर बेरीज असते. अंधारात भिंतीवर लाल आणि हिरवा टॉर्च एकावर एक पाडा, पिवळं दिसेल, कारण लाल आणि हिरव्या उजेडाने जाग्या होणाऱ्या डोळ्यातल्या शंकुपेशी, म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी, पिवळ्या उजेडानेही तशाच जाग्या होतात आणि मेंदूला फरक कळत नाही. रंगद्रव्य आणि उजेड यांच्या मिश्रणातला हा भेद हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडला, आणि आपण अजून मुलांना दोन्ही एकच म्हणून शिकवतो.

अमुक रंगाने मूल हुशार होतं, तमुक रंगाने शांत, असं सांगून महागडे सेट विकतात, त्याला काही आधार नाही, घेऊ नका. पिवळा आणि निळा जिलेटीन पेपर एकावर एक धरून मुलाला खिडकीतून बघू द्या, वजाबाकी डोळ्यासमोर दिसते. रंग कालवताना आधी "काय होईल?" विचारा, मग कालवू द्या. आणि पिवळ्यात निळा थेंबथेंब घाला, उलटं नको, निळा जोरकस असतो, त्यात पिवळा कितीही ओतला तरी लवकर दाद देत नाही.