घरगुती छायाचित्रण

घरगुती छायाचित्रण : स्वतःचे घर, नातलग, सोबती व रोजचे जगणे यांची छायाचित्रे आपल्या माणसांपुरती काढणे व ती जपून ठेवणे. हौशी छायाचित्रणाशी याची अनेकदा गल्लत होते. हौशी छायाचित्रकार मंडळे, स्पर्धा व रसायने यांत रमतो; घरगुती छायाचित्रकाराला मात्र चित्र कसे आले यापेक्षा त्यात कोण कोण आले याची काळजी असते. ‘छायाचित्र’ व ‘प्रकाशचित्र’ या दोन्ही संज्ञा मराठीत चालतात. ‘फोटोग्राफी’च्या मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘प्रकाशाने लिहिणे’ असा असल्याने दुसरी अधिक नेमकी आहे. पण रूढ झाली ती पहिली. बोलण्यात दोन्ही नाहीत. तेथे चित्र काढावे तसा फोटोही ‘काढला’ जातो.

या प्रकारच्या चित्राला इंग्रजीतून आलेला ‘स्नॅपशॉट’ हा शब्द शिकारीच्या बोलीतला. नीट नेम न धरता झटकन झाडलेली गोळी हा त्याचा मूळ अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच आढळतो. छायाचित्रणात तो प्रथम कोणी आणला याचे श्रेय बहुधा खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दिले जाते. १८६० मध्ये त्यांनी सेकंदाच्या दहाव्या भागात चित्र टिपता येण्याच्या शक्यतेविषयी लिहिताना हा शब्द योजला. त्याआधी, १८५० च्या दशकाच्या अखेरीस, टॉमस स्केफ यांनी लंडनमध्ये ‘पिस्टलग्राफ’ नावाचा छोटा कॅमेरा पुढे आणला होता. तो राणी व्हिक्टोरियावर रोखला म्हणून त्यांना पोलिसांनी धरले, अशी गोष्ट सांगतात; ती फार विश्वासार्ह वाटत नाही. स्केफ यांच्या उपकरणामुळे बंदुकीची उपमा आधीच रुळली असावी, हे मत मात्र सहज टाकून देण्याजोगे नाही. हर्शेल यांनीही शब्द उपमा म्हणूनच वापरला होता. आजचा अर्थ, म्हणजे कोणीही सहज काढलेला साधा फोटो, त्याला नंतर चिकटला.

तो चिकटण्यास कारण झाला जॉर्ज ईस्टमन यांचा १८८८ चा कोडॅक कॅमेरा. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांचा गुंडाळा (रोल) भरलेला. दोरी ओढून झडप (शटर) सज्ज करायची, कळ दाबायची, किल्ली फिरवून पुढचा भाग आणायचा. पाहण्यासाठी भिंग नव्हते. पेटीच्या माथ्यावरील रेषांवरून अंदाज घ्यावा लागे. गुंडाळा संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला, ईस्टमन यांच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरांत चित्रे छापून व नवा गुंडाळा भरून तो परत येई. ‘तुम्ही कळ दाबा, बाकीचे आम्ही करतो’ ही जाहिरात त्यावरूनच निघाली. चित्रे सुमारे अडीच इंच व्यासाची, वर्तुळाकार असत. भिंगाच्या कडेची अस्पष्टता त्यामुळे छाटली जाई, आणि कॅमेरा तिरका धरला गेला तरी ते चटकन लक्षात येत नसे. या पहिल्या कॅमेऱ्यात सेल्युलॉइडची फिल्म नव्हती. पायाला कागदच होता व त्यावरील थर सोलून काढावा लागे; सेल्युलॉइड १८८९ मध्ये आले. त्याच्या एकस्वाचा (पेटंटचा) वाद न्यूअर्कचे पाद्री हॅनिबल गुडविन यांच्या बाजूने लागला, पण तोवर ते हयात नव्हते. त्यांचा अर्ज १८८७ चा, मंजुरी १८९८ ची आणि अंतिम निकाल १९१४ चा. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती गेला.

भारतात मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी एक. परंतु या मंडळींच्या उपलब्ध कामात वास्तू आणि निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे नमुने अधिक. स्वतःचे घर क्वचितच. घराकडे सातत्याने कॅमेरा वळवणाऱ्यांत उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. स्वतः, पत्नी मारी आंत्वानेत आणि मुली अमृता व इंदिरा ही त्यांच्या कित्येक दशकांच्या चित्रणाची माणसे होत.

मध्यमवर्गीय मराठी घरांत कॅमेरा बऱ्याच उशिरा आला; तोवर फोटो म्हणजे स्टुडिओ. भारतात तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’ पुढे अनेक घरांत दिसे. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यात ६ × ६ सेंमी.ची बारा चित्रे येत. रोल महाग असल्याने एकेक चित्र मोजून काढत. गणपतीत घातलेला रोल दिवाळीत संपे आणि मगच धुवायला जाई. म्हणून एकाच पट्टीवर आधी मखर व शेवटी किल्ला दिसतो. काळ्या जाड कागदाचा अल्बम, चित्र धरणारे चार चिकट कोपरे, मध्ये बटरपेपर. कोपरा सुटून चित्र निसटले की पाठीमागे ‘चि. बाळ, दीड वर्ष’ एवढेच सापडते. बाळ कोणता, हे घरातल्या थोरल्यांनाच ठाऊक. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते या समजुतीमुळे काही वडीलधाऱ्यांचे एकच चित्र असते आणि हार चढतो तो त्यालाच.

या चित्रांतून रोजचे जगणे खरोखर दिसते का, यावर मतभेद आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बुर्द्यो यांच्या मते कुटुंब कॅमेऱ्याकडून आपल्या सोहळ्यांवर व एकोप्यावर शिक्कामोर्तब करून घेते. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड चॅल्फेन यांनी, ही चित्रे आपल्याच माणसांत दाखवण्यासाठी असतात आणि त्यांत काय येते याइतकेच काय वगळले जाते तेही बोलके असते, याकडे लक्ष वेधले. मराठी अल्बम चाळले तर बारसे, मुंज, लग्न, सहल यांचीच गर्दी दिसते. भांडी घासणे, नळावरची रांग, आजारपण जवळपास नाही. तेव्हा बुर्द्यो यांचे म्हणणे बरेचसे लागू पडते. तरीही मुंजीच्या बटूमागे दोरीवर वाळणारी लुगडी, स्टोव्ह, फळीवरचे डबे आलेले असतात. ते कोणी टिपायला गेले नव्हते. अभ्यासकाच्या उपयोगी मात्र तेच अधिक पडतात.

रोजचा दिवसच विषय करणारे प्रयत्न तुलनेने अलीकडचे आहेत. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन यांनी ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ रोजी मृत्यू येईपर्यंत दिवसाला एक पोलरॉइड चित्र काढण्याचा नेम धरला. १९९७ मध्येच ११ जूनला फिलिप कान यांनी नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो प्रसूतिगृहातून मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने परिचितांना पाठवला. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर रोल मोजण्याची गरज उरली नाही, आणि ताटातल्या पोह्यांचाही फोटो निघू लागला.

जुन्या चित्रांचा काळ ठरवताना सावधगिरी लागते. काही परदेशी छापांच्या कडेवर महिना व वर्ष असते. ते छपाईचे, काढल्याचे नव्हे. रंगीत छापांतील रंग काळानुसार असमान उडतात व चित्र लालसर पडते. कृष्णधवल छाप त्या मानाने टिकतात. चिकट पानांच्या अल्बममधून चित्र ओढून काढू नये. मागच्या मजकुरासाठी मऊ पेन्सिल बरी. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.