इचिगो इचिए
इचिगो इचिए : जपानी चहाविधीत (चानोयू) रुजलेली संकल्पना. ‘इचिगो’ म्हणजे सबंध आयुष्य, ‘इचिए’ म्हणजे एक भेट. तोच यजमान आणि तेच पाहुणे त्याच खोलीत पुन्हा जमले, तरी आजची भेट परत होणे नाही, असा तिचा आशय.

या विचाराचे मूळ चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–९१) यांच्या परंपरेत सापडते. त्यांचे शिष्य यामानोउए सोजी यांनी आपल्या ग्रंथात पाहुण्यांना बजावले आहे, की चहाची बैठक नेहमीचीच असली, तरी बागेच्या वाटेवर पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत, ही भेट आयुष्यात एकदाच होणारी आहे असे समजून यजमानाचा आदर राखावा.

चार चित्राक्षरांचा आजचा वाक्प्रचार रूढ केला तो हिकोनेचे सरदार ई नाओसुके (१८१५–६०) यांनी. घराण्यातले धाकटे पुत्र असल्यामुळे त्यांच्या वाट्याला गादी येण्याची आशा नव्हती. तरुणपणाची बरीच वर्षे तुटपुंज्या तनख्यावर साध्या घरात काढताना त्यांनी चहाविधीचा कसून अभ्यास केला. ‘चानोयू इचिए शू’ या त्यांच्या ग्रंथातला सर्वांत हृद्य भाग पाहुणे गेल्यानंतरचा आहे. यजमानाने घाईने दारे लावू नयेत, आवराआवर करू नये. पाहुणे दिसेनासे होईपर्यंत त्यांच्याकडे पाहावे, मग चहाच्या खोलीत परतून चुलीपाशी एकटे बसावे. ते आता कुठवर पोहोचले असतील, आजची भेट आता पुन्हा नाही, हे मनात आणावे; वाटल्यास एकट्यानेच चहा घ्यावा. या एकांतचिंतनाला ‘दोकुझा कान्नेन’ म्हणतात. पुढे नाओसुके शोगुनशाहीचे (जपानच्या तत्कालीन लष्करी राजवटीचे) सर्वोच्च मंत्री झाले आणि १८६० मध्ये एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्यांची हत्या झाली.

आज हा वाक्प्रचार जपानमध्ये सुलेखनाच्या पट्ट्यांवर आणि निरोपाच्या भाषणांत सर्रास आढळतो. बाहेरच्या जगात त्याचा अर्थ बहुधा ‘क्षणाचा आनंद लुटा’ इतकाच घेतला जातो. हा अर्थ अपुरा आहे. सोजी आणि नाओसुके दोघेही आनंदाआधी कर्तव्य सांगतात : भेट पुन्हा नाही, म्हणून यजमानाने तयारीत कसूर करू नये आणि पाहुण्यानेही त्या मेहनतीची जाण ठेवावी. चहाच्या बैठकींच्या नोंदवह्यांतून (काइकी) पाहुणे, भिंतीवरचे चित्र आणि वापरलेली भांडी टिपून ठेवण्याची रीत आहे. नारा येथील मात्सुया घराण्याच्या अशा नोंदी १५३३ पासूनच्या आहेत. त्याच पाहुण्यापुढे मागचीच मांडणी पुन्हा येऊ नये, यासाठीही यजमानाला त्या उपयोगी पडतात.